वालूरच्या मांडवातला ध्रुव

“विझला! अगं माय, ध्रुवच विझला! आता काय खरं हाय माझ्या लेकराच्या संसाराचं?”

नवरदेवाची आई वालूरच्या मांडवात कपाळ बडवून घेत होती आणि अख्खं वऱ्हाड माझ्याकडं बघत होतं. कारण ध्रुव दाखवणारा मीच. नवरीचा सख्खा मामा!

झालं असं, की गुरुजींना ताडकळसचं दुसरं लग्न गाठायचं होतं. “अंधार पडला की दोघांना ध्रुव दाखवा, मग पाठवणी करा,” म्हणत त्यांनी गाडीला किक मारली. आता ध्रुव ओळखणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. (खळ्यावर झोपून सत्तावीस नक्षत्रं पाठ केली, ही थाप मी जन्मभर मारत आलोय. मला आभाळातला फक्त चंद्र ओळखू येतो, तोही पुनवेच्या आसपास!)

मान वर केली. मांडवाच्या झगमगाटात आभाळ नुसतं धुरकट. तेवढ्यात लिंबाच्या शेंड्यावर एक ठळक ठिपका दिसला. एकटाच. जागचा हलेना. ध्रुव आणखी वेगळा काय असतो?

“तो बघा!” मी गरजलो. “अढळ! युगं लोटली, पण जागा सोडली न्हाई!”

जोडप्यानं हात जोडले. विहीणबाईंनी पदर पसरला.

आणि लाइट गेली. मांडवाची गेली, गावाची गेली, ध्रुवाचीही गेली!

“मेव्हणे,” दाजी कानात फुसफुसले, “टाकीवरचा बल्ब हाय तो. पाण्याच्या!”

अंधार पडला तसं आभाळ चांदण्यांनी गच्च भरलं. खरा ध्रुव त्यातच कुठंतरी असणार. पण कुठला? मी डोळे मिटून एकाकडं बोट केलं.

“अहो, ह्यो तर चालायलाय!” नवरदेव ओरडला. विमान होतं.

विहीणबाईंनी फतकल मारली. “ध्रुव दिसल्याबिगर सून न्हेणार न्हाई!”

ताई रडायला लागली. दाजी माझ्याकडं असे बघत होते, की पाठवणी माझीच होणार, तीही कायमची!

शेवटी लाइट आली. “आला! आला!” विहीणबाईंनी टाकीवरच्या बल्बला लोटांगण घातलं आणि सून गाडीत घातली. गाडीचं दार मीच घाईघाईनं लावलं.

दिवाळीत धीर करून भाचीला फोन लावला. “सोने, बरं चाललंय ना गं?”

“बरं हाय, मामा,” ती म्हणाली. “लाइट गेली की सासूबाई माझ्याकडं बघतेत, अन् तुमचं नाव घेतेत.”