आडव्या पडद्यावरची हजेरी

चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या आमच्या कारखान्यात हजेरी ठेवणारे गृहस्थ तंजावरकडचे. हजेरीचं जुनं अ‍ॅप नव्या फोनवर चालेना, म्हणून त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच जुनाट अँड्रॉइड चढवलं होतं. अ‍ॅप उभ्या फोनसाठी केलेलं, त्यामुळे पडद्यावर सगळी अक्षरं आडवी पडत. ते दिवसभर मान खांद्यावर टाकून वाचत आणि मधूनमधून ती चोळत.

"नवं सॉफ्टवेअर आलंय, सोडा की हे," मी म्हणे.

"त्यात अवघ्यांची हजेरी यंदापासूनच आहे, मागची नाही, सार," ते थकल्या आवाजात म्हणत.

एकदा कँटीनमधल्या कंत्राटी बाईंना काढायचं ठरलं. "या यंदाच्याच आहेत," कारखान्याचे साहेब नवं सॉफ्टवेअर बघून म्हणाले. हजेरीवाल्यांनी मान कलती केली, जुन्या अ‍ॅपमधून बाईंच्या हजेरीच्या तारखा शोधून कागदावर उतरवल्या आणि खाली सही केली. बाई नऊ वर्षांपासून कामावर असल्याचं निघालं. काढणं थांबलं.

त्यानंतर ते रोज इतरांच्या तारखाही उतरवू लागले. आठवड्याभरात साहेबांनी तो कॉम्प्युटर भंगारात काढला. मी गेलो तेव्हा ते रिकाम्या टेबलाशी बसले होते.

"चाळीस जणांचं झालं होतं, सार. उरलेल्यांचं ध्यानात आहे तेवढं लिहितो," म्हणाले आणि त्यांनी नवा कागद ओढला.