आभाळात राहिलेलं बियाणं

अर्धं आयुष्य ऊसतोडीत घालवल्यावर बायनाबाईंनी दिंद्रुडजवळच्या आपल्या गावी बायकांची बियाणे संस्था काढली. संस्थेची रीत अशी, की दगडी ज्वारीचं बी एकाच घरात ठेवायचं नाही. आपलं निम्मं जोडीदारणीच्या कणगीत, तिचं निम्मं आपल्या कणगीत. पण दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी पहिली पेरणी करपली, तेव्हा प्रत्येकीने जोडीदारणीचा वाटाही उपसून पेरला. आपला वाटा तिच्याकडे आहेच, त्यातून फेडू, हा हिशेब. तीही पेरणी गेली. मग बायनाबाईंची जोडीदारीण केशरबाई आपला वाटा मागायला आली, तेव्हा कळलं, दोघींच्याही कणग्या रिकाम्या.

उरली एकच पुरचुंडी, आणि ती जमिनीवर नव्हती. कृषी विद्यापीठाच्या जानकी मॅडमनी ती अभ्यासासाठी अवकाशस्थानकात धाडली होती. आज ती मालवाहू यानातून परत येणार होती.

संस्थेच्या खोलीत बायनाबाईंच्या दिराचा, धुळाजीचा मोबाइल धान्य मापायच्या पायलीला टेकवून ठेवला होता. त्यावर यानाचं चित्र, आणि दुसऱ्या फोनवर मॅडम.

"वेग कमी करायला यानाने उलट्या दिशेने इंजिन पेटवलं. आता ते हवेत शिरेल, तळ लालबुंद होईल."

बायनाबाई ताडकन उठल्या. "अवो, मग आतलं बी भाजंल की! भाजलेलं बी कुटं उगवतंय?"

"तळाला जाड ढाल आहे. ती स्वतः जळत झिजते, आत झळ लागू देत नाही."

"वैनी, हुरडा होऊनच येतोय बगा. चटणी वाटून ठिवा," धुळाजी म्हणाला.

"गप बसा, भावजी. पुढच्या साली काय तुमच्या मिशा पेरू?"

तेवढ्यात मोबाइलवरचं यानाचं चित्र गेलं.

"मॅडम, कावून बंद पडलं?" बायनाबाईंनी विचारलं.

"यानाभोवतीची हवा इतकी तापते, की संदेश बाहेर येत नाही. थांबायचं."

केशरबाईने बायनाबाईंचं मनगट धरलं. मोबाइलवर आता समुद्रातल्या जहाजावरून दिसणारं नुसतं रिकामं आभाळ होतं. मग एक ठिपका दिसला, त्याच्यावर चारपैकी तीन छत्र्या फुगल्या. फोनवर मॅडम "अरे!" म्हणाल्या.

"काय झालं? बोला की!" बायनाबाई म्हणाल्या.

"चौथी छत्री उघडत नाही."

ती फडफडत लोंबत होती. यान खाली येतच होतं. अगदी समुद्राजवळ ती छत्री फुलली, आणि पाणी उसळलं.

"उतरलं!" धुळाजी ओरडला. बायनाबाई मात्र हसल्या नाहीत. "उतरलंय, पण जितं हाय का न्हाई, कुणी सांगावं?"

पुरचुंडी गावात पोचली, तेव्हा बायनाबाईंनी टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी बाजूला काढलं, गोणपाट भिजवलं आणि त्यात मूठभर दाणे गुंडाळले. रोज सकाळी पाणी शिंपडायचं, उघडून बघायचं नाही. शेवटी केशरबाईलाच धीर धरवेना. दोघींनी मिळून गोणपाट उलगडलं.

काही दाणे काळे पडले होते. बायनाबाई त्यांच्यावरून बोट फिरवत पुढे सरकल्या आणि थांबल्या. पांढरे, सुईसारखे मोड गोणपाटाच्या धाग्यांत घुसले होते.

"हळू ओढ गं," त्या केशरबाईला म्हणाल्या, "मूळ तुटंल."