बिल्ला नसलेली लाल गाडी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला छापखान्यात उभी होते. हातात पत्रकाचं प्रूफ, कानात मशीनची घरघर. पलीकडून सुमनमामी म्हणाली, "तुझे मामा गेले गं. गॅरेजात, बसल्या जागी." मी "निघतेच" म्हणाले आणि निघाले नाही. आधी प्रूफ शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, दोन चुका दुरुस्त केल्या, छापा म्हणून सांगितलं, मग लातूरची बस धरली. हे सांगायची गरज नव्हती, कुणी पाहिलं नव्हतं. पण स्वतःला चांगलं दाखवायला मी हा लेख लिहीत नाहीये... तेवढंच करायचं असतं तर पत्रक काढलं असतं. ते मला चांगलं जमतं.

दिगंबरमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. लातूरला औसा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. ठोकलेल्या गाड्या यायच्या, सरळ होऊन जायच्या. पोचा आला की बाकीचे त्यात पुट्टी भरतात आणि वरून रंग मारतात. मामा पत्रा आतून ठोकून जागेवर आणायचे. काम झालं की तळहातावर सुती फडकं घ्यायचे, डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून सावकाश हात फिरवायचे. कुठं लाट राहिली असेल तर हात तिथं थांबायचा, आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी हातोडी पुन्हा निघायची. गिऱ्हाईक वैतागायचं, मामी वैतागायची. मामा म्हणायचे, "रंगावर डोळा भुलतो, मनून तर डोळे झाकून राहिलो."

मोठ्या शहरात नव्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं की मामा जनरलच्या डब्यात बसून जायचे. पुण्याला कितीदा, एकदा तर थेट दिल्लीला. मामीला हे वेड वाटायचं, मला लाज वाटायची. लोक तिथं गाडीजवळ उभं राहून फोटो काढायचे आणि मामा गुडघ्यावर बसून, मान तिरकी करून गाडीच्या खाली बघायचे. सुरक्षारक्षक हाकलायचे. परत आले की गॅरेजात स्टुलावर बसून आठवडाभर तेच. "स्टॉलवरची पोरगी मनती, सर, ही आमची स्पोर्टी गाडी. गाडी केवढी, तर आपल्या पाण्याच्या टाकीएवढी उंच! मी मनलं, बाई, यात स्पोर्ट कुठं हाय? तर मनती, सीटला लाल धाग्याची शिलाई हाय, आन् स्पोर्टचं बटन हाय. मी मनलं, मंग बटन न दाबता काय असती, आळशी का?" एवढं बोलून स्वतःच पोट धरून हसायचे.

पण प्रश्न त्यांच्यासाठी गमतीचा नव्हता. स्पोर्ट्स कार म्हणजे नेमकं काय, हे त्यांना खरोखर ठरवायचं होतं. मी म्हणायचे, वेगात पळते ती. ते हात झटकायचे. "वेग तर ट्रॅव्हल्सलाबी हाय. वेग न्हाई गं. वजन कमी पायजे, बूड जमिनीजवळ पायजे, आन् रस्ता जसा हाय तसा हाताला कळला पायजे. चालवनाऱ्याशी जी खोटं बोलत न्हाई ती." मग आवाज खाली आणून म्हणायचे, "या उंच गाड्या काय विकून राहिले मालूम हाय का तुला? खड्डा कळनार न्हाई, हे विकून राहिले. ज्याला खड्डा कळत न्हाई, तो खड्ड्याबद्दल कामून बोंबलंल? हे लिही की तुझ्या कागदावर, पुढारीणबाई." मी तेव्हा नांदेडात रस्ते आणि सिटी बस यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत नुकतीच लागले होते. मामाचं हे बोलणं मी कधी लिहून घेतलं नाही. गॅरेजवाल्याकडून राजकारण शिकायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये नऊ वर्षं त्यांचं एक काम चालू होतं. भंगारात निघालेल्या छोट्या गाडीचं इंजिन, स्वतः जोडलेला सांगाडा आणि हातानं ठोकून काढलेला एकेक पत्रा. दोन माणसांची, इतकी बुटकी गाडी की आत बसायचं तर आधी जमिनीला हात टेकवावा लागायचा. रंग लाल, ट्रॅक्टरच्या कामातून उरलेला. ती रस्त्यावर चालवायला कागदपत्रं मिळणार नव्हती, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हवं होतं ते एवढंच : गाड्यांतलं कळणाऱ्या माणसानं एकदा ती बघावी आणि सांगावं, ही स्पोर्ट्स कार आहे की नाही. "हाव मनो, न्हाई मनो. पन बघून मनावं."

आणि मग नांदेडच्या मैदानावर दोन दिवसांचा वाहन मेळा भरायचं ठरलं. मोठमोठ्या कंपन्यांचे स्टॉल, बाहेरून येणारे जाणकार. आयोजकांनी मामांना एका कोपऱ्यात जागा दिली. त्या दिवशी मला त्यांचा मेसेज आला. गाडीचा फोटो, दुपारच्या उन्हात झगझगणारा, आणि खाली : "जागा भेटली. दोन दिवस. तू येशील ना."

मी उत्तर दिलं नाही. फोटो मात्र फोनमध्ये उतरवून घेतला.

कारण आमच्या संघटनेनं त्याच मेळ्याविरुद्ध आंदोलन ठरवलं होतं आणि पत्रक माझ्याकडं होतं. ज्या शहरात म्हातारी माणसं सिटी बसची वाट बघत उन्हात उभी राहतात, त्या शहरात हा थाट कुणासाठी, हा आमचा सवाल. सवाल खरा होता, आजही खरा आहे, तो मी मागं घेत नाही. पण पत्रक काढणाऱ्यांचा एक नियम असतो. चित्र एकच टाकायचं. राग सगळ्यांवर वाटून टाकला की पातळ होतो, म्हणून त्याला एक तोंड द्यायचं. मी कंपन्यांच्या गाड्यांचे फोटो काढून बसले होते. प्रत्येकीच्या नाकावर बिल्ला. बिल्ला म्हणजे कंपनी, कंपनी म्हणजे वकील, वकील म्हणजे नोटीस. मामाच्या गाडीला बिल्ला नव्हता. तिच्यामागं कुणी नव्हतं. फोटो झकास होता, गाडी लाल होती, बुटकी होती, श्रीमंताच्या पोराची वाटत होती. मी तो टाकला आणि वर जाड अक्षरात लिहिलं, "हे महागडं खेळणं कुणासाठी?"

चुकून झालं नाही. कुणाची गाडी आहे हे मला ठाऊक होतं. बलाढ्यांशी लढतो म्हणून गावभर भोंगा घेऊन फिरायचं, आणि बोट दाखवायची वेळ आली की ज्याच्याकडं वकील नाही असा माणूस शोधायचा... दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

पत्रकं बसस्टँडवर वाटली, रेल्वे स्टेशनवर वाटली, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटवर वाटली. पहिल्या दिवशी सकाळी लोक पत्रक हातात घेऊनच मेळ्यात शिरले आणि लाल गाडी शोधत कोपऱ्यात पोचले. "हीच ती, हीच ती" असा गलका झाला. मामा त्यांना सांगत होते म्हणे, अरे बाबांनो, घरी बनवलेली हाय. कोण ऐकतंय? आयोजकांना भांडण नको होतं. बारा वाजायच्या आत त्यांनी मामांना गाडी झाकून बाहेर न्यायला सांगितलं. जाणकार मंडळी दुपारनंतर येणार होती. कंपन्यांचे स्टॉल दोन्ही दिवस थाटात चालले. आमच्या आंदोलनानं त्या मेळ्यातून एकच गाडी बाहेर काढली.

मी गेटवर भोंग्यावर बोलत होते. ताडपत्री टाकलेला टेम्पो बाहेर आला, ड्रायव्हरच्या शेजारी मामा. त्यांनी टेम्पो थांबवायला लावला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर कानाखाली वाजवतील. ते खिडकीतून वाकून म्हणाले, "पानी पिलीस का? ऊन लई हाय." आणि गेले. मी भोंगा पुन्हा तोंडाला लावला.

पुढं त्यांचे फोन येत राहिले. एकदाच विषय निघाला, तोही त्यांनीच काढला. "पत्रक वाचलं बरं का. भाषा कडक हाय. पन तिला महागडं मनलीस! आयुष्यात पयल्यांदा माझ्या कामाला कुनी महाग मनलं." ते हसले, मीही हसले. त्यांनी ते हसण्यावर नेलं आणि मी नेऊ दिलं. माफी मागायला लातूरला जायचं, असं प्रत्येक महिन्यात ठरवलं. लातूर काही चंद्रावर नाही. कधी मोर्चा आडवा आला, कधी निवेदन. खरं सांगायचं तर काहीही आडवं आलं नाही.

तेराव्यानंतर गॅरेज रिकामं करायचं होतं, जागा भाड्याची. गाडी दोन गल्ल्या पलीकडं मामीच्या अंगणात न्यायची ठरली. इंजिन चालू होईना. चौघांनी ढकलायचं आणि वजनानं हलकी म्हणून स्टिअरिंगवर मी. जमिनीला हात टेकवून मी आत शिरले, पहिल्यांदाच. चाकं फिरली आणि माझ्या हातांत रस्ता आला. खरंच आला. एक खडा, गटारावरच्या फरशीची कड, खोदून अर्धवट बुजवलेला नळाचा चर, सगळं तळहाताला कळत होतं. ज्या रस्त्यांवर मी सहा वर्षं लिहिलं, त्यांना मी असा हात कधी लावला नव्हता.

मामी खिडकीवर हात ठेवून बाजूनं चालत होती. मी म्हणाले, "मामी, त्या दिवशीचं..."

"त्या दिवशी मी बी होते," ती म्हणाली. "मागं, टेम्पोत. ताडपत्रीखाली. दोरी घासून रंग जाऊ ने मनून ह्यांनी पत्र्याला धरून बसायला लावलं होतं मला. गेटपसून पार चौकापस्तोर तुझा आवाज येत होता. लई सपष्ट बोलतीस तू."

चाक नळाच्या चरात अडकलं. मागून कुणीतरी जोर लावला.

"तुझे मामा हसले आसतील," मामी म्हणाली. "मी न्हाई हसले. आजूक न्हाई."

"मी काय करू, मामी?"

"माझ्यापाशी रडू नको. जितं छापलीस, तितं छाप. कुनाची व्हती ते."

आमची पत्रकं अजून निघतात, पण त्यांत दुरुस्तीला जागा नसते. म्हणून वर्तमानपत्राच्या या पुरवणीत जागा मागून घेतली. गाडी आता मामीच्या अंगणात पत्र्याखाली उभी आहे. मी दर रविवारी जाते. मामी चहा देते, बोलत फारसं नाही. मी फडकं घेऊन धूळ पुसते, आणि मामीचं लक्ष नसलं की डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवते. नऊ वर्षांच्या त्या कामात मला अजून कुठं लाट सापडलेली नाही.

तर दुरुस्ती अशी. त्या पत्रकावरची लाल गाडी कुणा धनिकाची नव्हती. ती लातूरच्या दिगंबर कदम यांनी स्वतःच्या हातानं बनवली होती. फोटो त्यांनी विश्वासानं पाठवला होता. तो त्यांना न विचारता, जाणूनबुजून मी छापला. मी गाड्यांतली जाणकार नाही. पण मी ती बघितली आहे, दोन गल्ल्या चालवली आहे, आणि बघून सांगते : हाव, मामा. ती स्पोर्ट्स कार आहे.