बिनवाटीचा गुडघा

वीस वर्षं झाली, मी अकोल्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, हे वाक्य इतक्यांदा बोललोय की पोरंच माझ्या आधी पूर्ण करतात. घरात मात्र मायचे दोन्ही गुडघे कुरकुरत होते आणि गुरुजींना पत्ता नव्हता!

माय तेल्हाऱ्याकडची. अर्धा जन्म शेतात उकिडवं बसून निंदण करण्यात गेला. दुखलं की गुडघ्याच्या वाटीवर तेल चोळायचं, विषय संपला. तिच्या मते सगळा दोष त्या वाटीचाच. शेवटी ओढूनताणून डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे पाहून ते म्हणाले, "हाडांमधली गादी झिजली, आजी. आता जमिनीवर गुडघे टेकायचे नाहीत. खुर्ची वापरा."

घरी आल्यावर माय उसळली, "अन् विहारात वंदना कशी करू मी? खुर्चीवर बसून?"

दोन गुडघे, दोन तळहात आणि कपाळ जमिनीला टेकायचं, हा आमचा पंचांग प्रणाम. मायनं एकही पौर्णिमा चुकवली नव्हती. आणि मी? "चपला पाहतो" म्हणून दारातच उभा.

समजवायला मी शाळेतून गुडघ्याचं प्लास्टिकचं मॉडेल आणलं. वर मांडीचं हाड, खाली नडगी, मधे चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, आत एकमेकांवर फुली मारणारे दोन बंध. सगळं रुबाबात सांगितलं. मायनं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"याची वाटी कुठं हाये?"

"पोरांनी हरवली."

"बापा! बिनवाटीचा गुडघा आनून मले शिकवून राह्यला का?"

मग तिनं तो वाकवला, जरा पिळला. "हा तं थोडासा फिरते बी. दारासारखा कुठं हाये?"

खरंच फिरत होता. वीस वर्षांची बिजागरी माझी, एका मिनिटात निखळली.

तिनं गादीवर बोट ठेवलं. "हे झिजलं? नवं नाही येत?"

"नाही, माय."

"बरं," म्हणाली. त्या 'बरं'नं माझा जीव कळवळला.

पौर्णिमेला विहारात तिच्यासाठी खुर्ची मांडली. परक्याच्या घरी आल्यासारखी अवघडून बसली. प्रणामाची वेळ झाली, सगळे वाकले. मायनं वळून मला बोटानं बोलावलं.

"चपला कोनी नेत नाही. ये इकडं. माह्या वाटचं तू टेक."

मी तिच्या पायाशी टेकलो. भर शांततेत उजवा गुडघा कटकन वाजला. कपाळ फरशीला लागलं आणि डोळे भरून आले. पाठीवर मायचा हात पडला.

"दुखलं का रे?"

"नाही," मी चक्क खोटं बोललो.

"मंग राय तसाच," ती म्हणाली. "माहं अजून झालं नाही."