विचारायचं राहिलेले तीन शब्द
वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की किरनापूरजवळचं एक अंगण आठवतं. वृद्धांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधक बाईंबरोबर मी बालाघाटहून बातमीसाठी तिथं गेलो होतो. वर्षभरापूर्वी त्यांनी त्या घरातल्या आजींना आंबा, खुर्ची, नदी हे शब्द सांगून म्हटलं होतं, “लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारते.” मध्येच बाईंना कुणी बोलावलं आणि विचारायचं राहून गेलं. “तवापासून दिवसभर तेच पुटपुटते,” आजींचा मुलगा म्हणाला. “मलेबी वळखत नाही. आता विचारून टाका म्याडम, म्हंजे सुटन थे.” बाईंनी विचारलं. आजींनी पापणी न हलवता, एकाच सुरात तिन्ही शब्द सांगितले आणि त्यांचे ओठ थांबले. मुलगा पुढं सरकला. “आई, मी तुहा पोरगा.” आजींनी त्याला निरखून पाहिलं, मग बाईंकडं वळून अदबीनं विचारलं, “हेबी ध्यानात ठेवू काय जी?” बाईंनी मुलाकडं पाहिलं. “हौ म्हना ना, म्याडम,” मुलगा म्हणाला. त्या “हौ” म्हणाल्या. आम्ही उठलो तेव्हा आजींचे ओठ पुन्हा हलू लागले होते, “तुहा पोरगा, तुहा पोरगा.” बातमीत मी एवढंच लिहिलं, की आजींना तिन्ही शब्द बरोबर आठवले.