तिच्याच लिंबोणीची लिंबं
आळेफाट्याला ट्रकच्या पुढं टांगलेलं लिंबू दिसलं की माझं डोकं त्या ट्रकच्या इंजिनापेक्षा जास्त तापतं. आमच्या गावात एका म्हातारीच्या दारी लिंबोणी होती. तिच्या एका लिंबात अख्ख्या वऱ्हाडाचं सरबत व्हायचं. शेजाऱ्याची म्हैस आटली आणि भगतानं म्हातारीला चेटकीण ठरवलं. तिला हाकलायला सगळं गाव दारात जमलं, पण उताऱ्याला लिंबू कुणीच आणलं नव्हतं. तो निलाजरा शेजारी तिलाच म्हणाला, “आजे, दोन लिंबं दे की तुझी.” तिनं तोडून दिली. “घे बाबा. तुझ्या पोराला ताप आला तवाबी हितूनच नेली व्हतीस.” त्यानं ती तिच्यावरून उतरवून कापली आणि तिला वेशीबाहेर घालवलं. लिंबोणी मात्र गावाला बाटलेली वाटली नाही. परवा त्याच्याच नातीच्या लग्नात माझ्यापुढं त्याच लिंबोणीचं सरबत आलं. मी ते त्याच्या पायांवर ओतलं.