पंप वाढवलेली गाडी

राजशेखर बंद खोलीत झोपत नसे. लातूरला पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं घेताना त्यानं घरमालकाला पाण्याचं विचारलं नाही की लाइटीचं. "अंगणात बाज टाकली तर चालंल का?" एवढंच विचारलं. बायको शिवकांता आणि लेक अक्षरा आत झोपायच्या, हा बाहेर. पावसाळ्यात बाजेवर प्लास्टिकचा कागद ताणून घ्यायचा, पण आत जायचा नाही. शेजारपाजारचे हसायचे. शिवकांता मात्र हसायची नाही. तिचं माहेरही तेरणाकाठचंच होतं.

त्र्याण्णव साली गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे जमीन हलली, तेव्हा राजशेखर अठरा-एकोणीस वर्षांचा होता. माळवदाचं घर, हातभर जाडीच्या दगडामातीच्या भिंती. सगळं अंगावर आलं. तो दाराच्या चौकटीखाली अडकला. छातीवर तुळई होती आणि तोंडात माती. पलीकडून त्याची आई, त्याची अव्वा गंगम्मा, बोलत होती. "शेकऱ्या, हाईस का? बोलत रहा, बाळा." तो बोलत राहिला. काही वेळानं पलीकडून उत्तर यायचं थांबलं. त्याला दुपारी बाहेर काढलं, आईला दुसऱ्या दिवशी.

मदतीला आलेल्या एका संस्थेची बिनटपाची जीप होती. तिच्यात तांदळाची पोती चढवता चढवता तो गाडी शिकला. डोक्यावर छत नाही, चारी बाजूंनी वारा, आणि पाय दाबला की जागा मागं पडते. हे काम आपलं आहे, असं त्याला तेव्हाच वाटलं. पुढं ट्रक चालवले, वऱ्हाडाच्या गाड्या चालवल्या, आणि शेवटी सर्वेशसरांकडं लागला.

सर्वेशसरांचे क्लासेस लातूरला होते आणि नांदेडलाही. तो काळच तसा होता. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला या दोन शहरांत येत होती. घराघरात खोल्या पाडून पोरं ठेवली होती, मेसचे डबे सायकलीवरून धावत होते. चांगले शिकवणारे मात्र मोजकेच. म्हणून तेच शिक्षक सकाळी लातूरला शिकवायचे आणि दुपारी नांदेडला. त्यांना चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे राजशेखरचं काम. वर्षानुवर्षं तोच रस्ता. नांदेडला गेला तरी त्यानं गोदावरी पाहिली ती पुलावरून जाता जाताच.

गाडी जुनी होती. सरांनी पहिली शाखा काढली तेव्हा घेतलेली, मागं समोरासमोर बाकडी असलेली मोठी डिझेल गाडी. तिच्या किलोमीटरचा काटा केव्हाच बंद पडला होता. सपाटीवर ती मुकाट चालायची, पण लोह्याच्या अलीकडच्या चढाला लागली की तिचा जीव जायचा. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा मागून हॉर्न द्यायचे.

"राजशेखर, अर्धा तास उशीर झाला. पोरं बसून राहतात, पालक फोन करतात," सर म्हणायचे.

"सर, पिकअप राहिला न्हाई गाडीला. लई चाललीय."

"मग काहीतरी कर. नवी गाडी यंदा जमणार नाही. हिच्यातूनच काढ."

सरांना नाही म्हणणं राजशेखरला जमत नव्हतं, त्याला कारण होतं. अक्षराला दहावीला चांगले मार्क पडले होते, पण सरांच्या निवडक बॅचला लागत होते तेवढे नव्हते. राजशेखर काही मागायला गेला नव्हता. सरांनीच बोलावून सांगितलं, "तुझी मुलगी ती माझी मुलगी. तिला निवडक बॅचला बसव." शिवकांतानं त्या दिवशी सिद्धेश्वराला नारळ फोडला. राजशेखरलाही आनंद झाला. पण सरांच्या केबिनमधून बाहेर पडताना त्याच्या छातीवर काहीतरी येऊन बसलं, ते उतरलंच नाही.

त्यानं गाडी शेषेराव मिस्त्रीकडं नेली. शेषेराव त्याचा जुना दोस्त. बोनेट उघडून बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हाताऱ्याला पळवायचं तर आधी त्याच्या पायातला काटा काढावा का न्हाई? हिची ताकद वाढवायची गोष्ट सोड. हिची जी हाय तीच कुठं कुठं सांडून राहिलीय, ती गोळा करू."

आणि खरंच सांडत होती. एअर फिल्टरमध्ये सगळ्या रस्त्याची माती गच्च बसली होती. टर्बोचा रबरी पाइप खालच्या बाजूनं चिरला होता, त्यातून हवा फुसफुसत बाहेर जात होती. डिझेल फवारणारे नोझल चोंदलेले. आणि मागचं एक चाक ब्रेकमध्ये धरून बसलेलं, म्हणजे गाडी इतके दिवस अर्धवट ब्रेक दाबूनच चालत होती. शेषेरावानं सगळं निस्तरलं, इंजिनचे टॅपेट जुळवले. दुसऱ्या दिवशी चढाला राजशेखरला पहिला गिअर टाकावा लागला नाही. मागच्या बाकड्यावरून जीवशास्त्राच्या सौदामिनी मॅडम म्हणाल्या, "काय राजशेखर, गाडी बदलली का काय?" तो लाजून हसला.

सर खूश झाले, पण थोडेच दिवस. नांदेडला दुसऱ्या एका क्लासनं दुपारची बॅच लवकर सुरू केली, तेव्हा सरांनीही आपली वेळ अलीकडं ओढली. लातूरचा तास सुटणं आणि नांदेडचा भरणं यांच्यामध्ये आता रस्ता जेमतेम मावत होता.

"पंप वाढवून घे. डिझेल जास्त गेलं की ताकद वाढते, मला एकानं सांगितलंय," सर म्हणाले.

राजशेखरनं शेषेरावाला विचारलं. शेषेराव चिडला. "जास्त पाजल्यानं काळीज मोठं होतंय व्हय? ही गाडी तरणी असती तर गोष्ट येगळी. हिचं पाणी उकळंल, इंजिनचं हेड जाईल. मी हात लावणार न्हाई."

सरांनी वाद घातला नाही. एका रविवारी गाडी परस्पर नांदेडच्या वर्कशॉपला पाठवली आणि सोमवारी किल्ली राजशेखरच्या हातात दिली.

आता खरं सांगायचं तर त्या सोमवारी राजशेखर हरखला. पाय ठेवायचा अवकाश, गाडी उसळी मारायची. मागं काळा धूर निघायचा, पण मागं कोण बघतो? चढाला त्यानं एका मागोमाग एक ट्रक मागं टाकले. कितीतरी वर्षांनी त्याला त्या उघड्या जीपसारखं वाटलं, अंगावरचं सगळं झटकून निघाल्यासारखं. संध्याकाळी अंगणात बाजेवर पडला तरी पाय दाबत होता.

आठवड्याभरात पाण्याचा काटा वर सरकायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवरही. तो लोह्याला थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालायचा आणि शिक्षकांना सांगायचा, "चहा घ्या मॅडम, पाच मिनिटं." शेषेरावाकडं जायची त्याला लाज वाटत होती. एकदा धीर करून सरांना म्हणाला, "सर, पंप थोडा कमी करावा वाटतो. गाडी तापून राहिलीय."

"राजशेखर, परीक्षेपर्यंत काढ रे. तुझ्याच मुलीची परीक्षा आहे ना?"

सर गोड आवाजातच बोलले होते. राजशेखरनं मान हलवली आणि बाहेर आला.

घरी अक्षरा, आता बारावीतली, पुस्तकांत बुडालेली असायची. तिचे केस गळत होते, ताटातली भाकरी तशीच राहायची. "कसं चाललंय गं?" तो विचारायचा. "चांगलं चाललंय, अप्पा," ती म्हणायची. त्यापलीकडं दोघंही जायची नाहीत.

मार्चमधल्या एका दुपारी ते घडलं. लातूरचा तास लांबला होता, सरांचे फोनवर फोन येत होते. गाडीत सौदामिनी मॅडम आणि आणखी दोन शिक्षक. चढ लागला तेव्हा काटा लाल पट्टीत टेकलेला होता. थांबायला हवं, हे राजशेखरला स्वच्छ कळत होतं. त्यानं पाय उचलला नाही. पुढं उसाचा ट्रक कण्हत चालला होता, त्याला मागं टाकायला यानं गाडी उजवीकडं घेतली. ट्रकच्या बरोबरीला आला आणि इंजिनातून फट्ट असा आवाज झाला. काचेवर पांढरी वाफ पसरली. गाडी मेली.

वरून बस उतरत होती. तिचा हॉर्न ऐकू येत होता, पण बस दिसत नव्हती. राजशेखरनं क्लच दाबून चावी फिरवली, तोवर गाडी मागं सरकायला लागली. इंजिन बंद, त्यामुळं ब्रेक दगडासारखा घट्ट झालेला. त्यानं दोन्ही पाय ब्रेकवर टाकले आणि स्टिअरिंग पिळून गाडी उजव्या हाताच्या कच्च्या पट्टीवर घातली. मागचा उजवा कोपरा रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीच्या मुरमात रुतला. गाडी कलली, उजवी दारं मातीत दाबली गेली, आणि बस धूळ उडवत शेजारून निघून गेली.

कुणाला फारसं लागलं नव्हतं. शिक्षक मागच्या दारानं उतरले, रस्त्यावर उभे राहून एकमेकांना चाचपू लागले. राजशेखर मात्र उतरला नाही. त्याच्या बाजूचं दार मातीनं बंद होतं, पण डावं दार हलकंच होतं, हात लावला असता तर उघडलं असतं. त्याचा हात उचलेना. खिडकीतून मुरूम मांडीवर येत होता, गाडीत वाफ भरली होती. तो स्टिअरिंग धरून बसला होता आणि हळू आवाजात बोलत होता, "हाव अव्वा. हाय मी. बोलून राहिलो."

सौदामिनी मॅडमनी डावं दार उघडलं. आधी त्यांना वाटलं, तो फोनवर बोलतोय. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. त्या नांदेडच्या होत्या, त्यांच्या घरात भूकंपानं फक्त भांडी वाजवली होती. राजशेखरचं गाव कोणतं, हे इतक्या वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं. तरी त्यांना काहीतरी समजलं. त्या आत चढल्या, त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाल्या, "राजशेखर, दार उघडं आहे. इकडं बघा, माझ्याकडं. उजेड दिसतोय ना? चला." लहान मुलाला न्यावं तसं त्यांनी त्याला बाहेर काढलं. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि मोठ्यानं रडला. उसाच्या ट्रकवाल्यानं पाण्याची बाटली आणून दिली.

दोन दिवसांनी सर घरी आले. बाजेवर बसले, चहा घेतला. "माणसं वाचली, देवाची कृपा. गाडीचं पूर्ण इंजिनकाम करून घेतो. तोवर दुसरी गाडी भाड्यानं घेतलीय, सोमवारपासून ये. अक्षराची परीक्षा तोंडावर आलीय, तिचं मन विचलित व्हायला नको."

"हाव सर," राजशेखर म्हणाला.

सर गेले. अक्षरा दारात उभी होती. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही सरांना 'नाही' का म्हटलं नाही?"

"तुझी बॅच हाय ना बाळा."

ती दारातून पुढं आली. मग खाली बसली. "मला त्या बॅचमधलं काहीच कळत नाही. दिवाळीपासून कळत नाही. रोज सोडावं वाटतं. पण मी सोडलं तर सर तुम्हाला काढतील, म्हणून जात होते."

आतून शिवकांता बाहेर आली. राजशेखरनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. केस किती विरळ झाले होते, ते त्याला तेव्हा हाताला लागलं.

सोमवारी तो सरांकडं गेला. "सर, पोरगी बॅच सोडतीय. आन मीही येत न्हाई."

सर आधी समजावत राहिले, मग रागावले. "इतकं केलं तुमच्यासाठी!" ते खरंच दुखावले होते. "लई केलं सर," राजशेखर म्हणाला, आणि तो मनापासूनच म्हणाला. पाया पडून निघाला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. शिवकांता कितीतरी दिवस दोघांशी धड बोलली नाही. लेक डॉक्टर होणार, हे तिनं सगळ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं, आता विचारणाऱ्यांना तिलाच उत्तर द्यावं लागत होतं. सर्वेशसरांकडून सुटलेल्या ड्रायव्हरला लातुरात दुसरे क्लासवालेही उभे करेनात. शेवटी शेषेरावाच्या ओळखीनं चाकूरला एका डेअरीच्या दूधगाडीवर काम मिळालं. गावोगाव थांबत कॅन उचलायचे, की पुढचं गाव. बिऱ्हाड चाकूरला हललं. अक्षरानं उदगीरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि पहिल्या वर्षी एका विषयात नापासही झाली. घरी येऊन तिनं ते सांगितलं आणि सांगताना पोटभर जेवली.

राजशेखर अजून अंगणातच झोपतो. हायवेवर कधी क्लासच्या शिक्षकांची गाडी दूधगाडीला मागं टाकून जाते, तेव्हा त्याचा पाय आपोआप खाली जातो. मग तो पाय उचलतो, कारण मागं कॅन हिंदकळतात.

परवा सुट्टीला आलेली अक्षरा म्हणाली, "अप्पा, मला गाडी शिकवा." शिवकांता आतून ओरडली, "एवढंच राहिलं होतं!" तरी बापलेक डेअरीमागच्या माळावर गेली. अक्षरानं क्लच सोडला, गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. "पुन्हा," राजशेखर म्हणाला आणि दोन्ही खिडक्यांच्या काचा खाली केल्या.